चौथा दिवा

पेटीचा चौथा दिवा लागत नव्हता.

पहिला दिवा विजेचा, दुसरा भिंतीतल्या तारांचा, तिसरा जमिनीचा, चौथा माणसांचा आणि पाचवा सगळं ठीक असल्याचा. पहिले तीन एकामागोमाग हिरवे झाले. चौथा पिवळा होऊन लुकलुकत राहिला, मग पेटीने एक लांब आणि दोन आखूड शिट्या दिल्या आणि सगळं विझलं. असं तिसऱ्यांदा झालं होतं. अमोघ बूट घालून पॅसेजमध्ये उभा होता. त्याच्या कंपनीची बस पावणेनऊला पाथर्डी फाट्यावर येते आणि आठ पस्तीस होऊन गेले होते.

"काय केलंस तू हिला?" त्याने विचारलं.

मी हातही लावला नव्हता, तसं सांगितलं. त्याने माझे केस धरले आणि कपाळ पेटीच्या पत्र्यावर आपटलं. दोनदा. अडलेला रेडिओ कुणी थोपटावा तसं. किमया माझ्या कडेवर होती, ती रडली नाही. साडेतीन वर्षांची मुलगी अशा वेळी रडत नाही, ही गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त भिववते.

त्या दिवशीचं हे दुसरं. पहिलं आठ वाजता झालं होतं. मी त्याला न विचारता किमूचं नाव खेळवाडीत घातलं, हे त्याला तिथून आलेल्या फोनवरून कळलं. त्याने मला स्वयंपाकघराच्या ओट्यापासून खाली ओढलं आणि उजव्या गुडघ्यावर बुटाच्या टाचेने तीन लाथा घातल्या. बूट आधी घातले, मग लाथा मारल्या. अमोघ गोष्टी क्रमाने करतो. त्यानंतर नेहमीप्रमाणे त्याने पेटीत आपला आकडा टाकून 'नवी नोंद' केली, आम्हाला सात पावलं चालवलं, आणि पेटी बंद करून चालू केली. तिथेच ती अडली.

पेटी म्हणजे घरसंगणक. कागदोपत्री तिचं नाव मोठं आहे, पण आमच्या सोसायटीत सगळे पेटीच म्हणतात. दार, गॅस, इंटरकॉम, पाणी सगळं तिच्या ताब्यात असतं, पण तिचं खरं काम पायाखाली चालतं. फरशीखाली केसाहून बारीक काचेचे धागे पसरलेले असतात आणि त्यांतून सतत प्रकाश धावत असतो. पाऊल पडलं की धागा अगदी नखभरसुद्धा नाही, त्याच्या हजाराव्या हिश्श्याने दबतो, आणि प्रकाश परत यायला तेवढा फरक पडतो. त्या फरकावरून कोण चाललं, किती वजनाचं, टाच आधी टेकली की चवडा, हे पेटीला कळतं. मी बीएस्सीला प्रकाशाचा पेपर दिला होता, त्यामुळे घर ताब्यात घेताना हे सगळं मला फार देखणं वाटलं होतं. मुळात हे पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी निघालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माणूस पडणं आणि पाडलं जाणं जमिनीला वेगवेगळं ऐकू येतं. कायदा झाला. नव्या इमारतीत पेटी सक्तीची झाली. घरात कुणाची चाल तिच्या नेहमीच्या चालीपेक्षा बिघडली, धावाधाव झाली, कुणी आपटलं, तर पेटी तासभर ताडून बघते आणि मग स्वतःहून दक्षता केंद्राला कळवते.

फक्त, नेहमीची चाल कोणती, हे पेटीला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाने दारापासून पेटीपर्यंत सात पावलं चालायचं. सोसायटीतले लोक त्याला हसून सप्तपदी म्हणतात. आणि घरमालक 'नवी नोंद' करू शकतो. नवी नोंद झाली की जुना सगळा इतिहास पुसला जातो आणि आजची चाल हीच नेहमीची ठरते. मी लंगडत सात पावलं चालले की लंगडणं हीच माझी चाल. अमोघला हे दुसऱ्याच वेळेला उमगलं होतं.

जाताना त्याने माझा फोन खिशात टाकला. पेटी आठ तास बंद राहिली की देखभाल केंद्राचा माणूस न बोलावता येतो, आणि तो अमोघला नको होता.

"चारच्या आत चालू झाली पाहिजे," तो म्हणाला. "बीएस्सी आहेस ना? लाव डोकं. नाहीतर मी लावतो तुझं."

बाहेरून किल्ली फिरली. चौथा दिवा लागेपर्यंत दार फक्त किल्लीने उघडतं, वीज तोडून चोर आत शिरू नये म्हणून. किल्ल्या दोन, दोन्ही त्याच्याकडे.

मी किमूला बिस्किट दिलं, ओढणी फाडून गुडघा आवळला आणि कोरड्या बाल्कनीत गेले. शेजारच्या बाल्कनीत खैरनार काकू कपडे वाळत घालत होत्या. माझ्या कपाळाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग चिमट्यांकडे बघत बोलत राहिल्या. त्या बघायच्या तेवढं बघतात, हे मला माहीत होतं. सकाळी पातेलं पडल्याचा आवाज आला, म्हणाल्या. तुमच्याकडे पातेली फार पडतात.

"फोन करू का कुणाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाला करणार काकू? ते येऊन पेटीलाच विचारणार."

मार्गशीर्षात तेच झालं होतं. तेव्हा त्यांनीच फोन केला होता. दोन पोलीस आले होते, त्यात एक बाई. माझा ओठ फाटलेला होता. त्या बाईंनी मला काहीही विचारण्याआधी विचारलं, पेटी काय म्हणते? पेटीने तिच्यावरच्या काचेच्या पट्टीवर लिहिलं, घर शांत, सर्वांच्या चाली नेहमीच्या. आजकाल माणूस खोटं बोलू शकतं, जमीन बोलत नाही, अशी लोकांची समजूत झाली आहे. पोलीस पाणी पिऊन गेले. दार लागल्यावर अमोघने माझी करंगळी धरली आणि उलटी वळवत नेली, हाड मोडेपर्यंत, आणि तेवढा वेळ तो मला समजावून सांगत होता की हे पाणी मी त्यांना द्यायला नको होतं.

काकूंना मी सांगितलं की पेटी सुरू होत नाहीये, आणि आमची माहितीपुस्तिका अमोघने कधीच गायब केली आहे. त्या आत गेल्या. कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकाला त्यांच्या घरची पुस्तिका चिमट्याने लावून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. नऊ मजले खाली रस्ता होता, चिमटा कुरकुरत होता.

"आमचे हे वीज मंडळात होते," काकू म्हणाल्या. "ते सांगायचे, यंत्र अडलं की त्याच्यावर ओरडू नये. ते काय मागतंय ते बघावं."

मी पॅसेजमध्ये फतकल मारून बसले आणि पुस्तिकेत होतं ते एकेक केलं. मुख्य खटका बंद करून तीस आकडे मोजले. किमूही मोजत होती, ती चौदानंतर थेट वीस म्हणते. जोडतार काढून पुसून परत लावली. पत्र्याच्या झाकणातली धूळ फुंकरली, त्यात माझं रक्त वाळलेलं होतं, ते नखाने खरवडलं. पुन्हा खटका लावला. तीन हिरवे, चौथा पिवळा. एक लांब, दोन आखूड.

एक लांब, दोन आखूड म्हणजे काय, हे पाचव्या पानावर होतं. नोंदलेली माणसं आणि जमिनीवरची माणसं जुळत नाहीत. खालचं बटण दाबून धरल्यावर पट्टीवर तपशील आला. सकाळच्या नोंदीत माणसं दोन. एक पुरुष, चौऱ्याऐंशी किलो. एक स्त्री, एकाहत्तर किलो, उजवा पाय ओढणारी.

मी अठ्ठावन्न किलोची आहे.

समजायला क्षणभर लागला आणि मग मला हसू आलं, रडण्यासारखंच. सकाळी मार खाल्ल्यावर किमू मला चिकटली होती, खाली उतरायला तयार नव्हती. बस चुकेल म्हणून अमोघ ओरडला, घे तिला तशीच आणि चाल. आम्ही दोघी एका माणसासारख्या चाललो. पेटीने एक बाई नोंदवली. मग ती पुन्हा सुरू होताना किमू खाली उतरून स्वतःच्या पायांनी पळाली, आणि पेटीपुढे तेरा किलोचं एक माणूस आलं जे नोंदीत नव्हतं, आणि एकाहत्तर किलोची बाई नाहीशी झाली होती. एवढंच. किमूला उतरवून वेगळं चालवण्याइतका, एक मिनिट, अमोघने धीर धरला असता तर पेटी सुरळीत चालू झाली असती.

दुरुस्ती सोपी होती. तो आला की आकडा टाकेल, आम्ही तिघं वेगवेगळी चालू, संपलं. माझा लंगडा पाय पुन्हा एकदा नेहमीचा ठरेल. त्याच पट्टीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती मी आधी वाचली नव्हती. नवी नोंद आजवर एकोणीस वेळा, तारखा राखून.

एकोणीस. मला बारा-तेरा आठवत होते.

पान अकरा. चौथा दिवा वारंवार अडल्यास 'पहिली प्रत' वापरावी. घर ताब्यात दिलं त्या दिवशीची नोंद पेटीच्या पोटात एका वेगळ्या चकतीवर असते. ती घरमालकाला पुसता येत नाही. झाकणाच्या आतली निळी खुंटी ओढून काढायची, की पेटी त्या प्रतीवर येते. मग आकडा चालत नाही, फक्त चाल चालते. त्या दिवशी चाललेल्यांपैकी जो आधी ओळखला जाईल, घर त्याचं. प्रत्येकाला तीन संधी. जो जुळणार नाही तो अनोळखी, आणि अनोळखी माणूस धावून आला की पेटी खोल्यांची दारं लावून घेते.

मी निळी खुंटी ओढली. ओढली की मालकाच्या फोनवर निरोप जातो, हे त्याच पानाच्या मागे छापलेलं होतं. मी पान उलटलं नाही.

पहिल्या खेपेला मी चालले तशीच चालले, पाय ओढत. पट्टीवर आलं, चाल एकेचाळीस टक्के. दुसऱ्या खेपेला मी ओढणीचा बोळा दातांत धरला आणि चार वर्षांपूर्वीसारखी चालले, दोन्ही टाचा सारख्या टेकवत. तिसऱ्या पावलाला गुडघ्यात काहीतरी सरकलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण सात पुरी केली. चाल अठ्ठ्याऐंशी टक्के. वजन बारा किलोने कमी. कल किंचित मागे हवा. जुळत नाही.

बारा किलो कमी? मी चार वर्षांत जाड झाले नव्हते की बारीक. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि समोर वास्तुशांतीचा, त्या पहिल्या नोंदीच्याच दिवशीचा, फोटो होता. अमोघ अनवाणी, हातात नारळ, माझा हात धरून अर्धं पाऊल मागे. माझ्यासाठी तो हळू चालला होता. मी हिरव्या साडीत, मागे कललेली, कारण मला आठवा संपत आला होता. बाळंतपणाआधी घरात जाऊ म्हणून आम्ही घाई केली होती.

किमूचं वजन मागच्याच आठवड्यात दवाखान्यात केलं होतं. पावणेतेरा.

मी तिला हाक मारली आणि त्याच वेळी दारात किल्ली फिरली.

अमोघने आत येऊन दार लावलं, किल्ली खिशात टाकली, मग स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर पेटीचा निरोप होता. त्याने पायातला बूट काढून हातात घेतला आणि त्याच्या टाचेने माझ्या तोंडावर मारलं. दात हलल्याची चव आली. मी खाली पडले तेव्हा त्याने मोडलेल्या करंगळीच्या हातावर पाय दिला आणि शांतपणे विचारलं की हे कुणी शिकवलं. मी म्हटलं पुस्तिकेत होतं. त्याने पुस्तिका उचलली, खैरनार नाव वाचलं, आणि म्हणाला, थेरडीचंही बघतो. मग फरफटत मला बाजूला केलं आणि पेटीपाशी जाऊन आकडा टाकला.

आकडा चालला नाही. पेटीने पट्टीवर लिहिलं, कृपया सात पावलं चाला.

त्याने पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग तो दाराशी गेला आणि चालत आला. टाचा अशा आपटत होत्या की कपाटातल्या बरण्या वाजल्या. चाल तेहतीस टक्के, जुळत नाही. तो परत गेला. दुसरा बूटही काढून भिरकावला, तो फोटोवर बसला आणि काच माझ्या अंगावर पडली. अनवाणी चालला. एकोणतीस टक्के. तिसऱ्यांदा तर तो जवळजवळ धावलाच. स्वतःच्या घराने आपल्याला ओळखू नये याचा त्याला जितका राग येत होता, तितका तो अनोळखी होत होता. एकवीस. संधी संपल्या. त्याने पेटीवर बुक्की मारली, बोटांची सालं निघाली.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझी एक संधी उरली आहे हे पट्टीवर लिहिलेलं होतं.

"ऊठ," तो म्हणाला. "तू चाल. चालू झाली की मी नवी नोंद करतो. नीट चालायचं. नाही जुळलं तर दुसरा पायही तसाच करतो, मग दोन्ही सारखे होतील."

मी भिंत धरून दाराशी गेले. किमू धुण्याच्या यंत्रामागे दडली होती, ती पळत येऊन माझ्या पायांना बिलगली. मी तिला उचललं. तो म्हणाला खाली ठेव. मी म्हटलं, ती सोडणार नाही, ओरडेल, काकू ऐकतील. आणि अमोघने सकाळी म्हटलं होतं तेच, त्याच घाईने म्हटलं.

"घे तिला तशीच. चाल."

मी किमूला कडेवर घेतलं नाही, पुढे घेतलं, पोटावर. तिचे पाय कमरेभोवती, डोकं छातीवर. मागे कलले. ती जिथून आली होती तिथेच तिला धरलं.

पहिलं पाऊल डावं, ते सोपं होतं. दुसरं उजवं, टाच आधी. हाडावर हाड घासल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तिसरं. चौथ्याला फोटोच्या काचेचा तुकडा तळव्यात शिरला, आणि मी पाय उचलून घेतला नाही, कारण त्या दिवशी मी उचलला नव्हता, त्या दिवशी तिथे रांगोळी होती. पाचवं. माझ्या मागे अमोघचा श्वास ऐकू येत होता. सहावं उजवं. गुडघा आत वळला, मी तो परत सरळ केला, कसा ते आता सांगता येणार नाही. किमू माझ्या कानात आकडे मोजत होती. सातवं.

चौथा दिवा हिरवा झाला. लगेच पाचवा.

"नमस्कार शलाका," पेटी चार वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाली. "घरात एक अनोळखी व्यक्ती आहे."

पेटीच्या शेजारीच झोपायच्या खोलीचं दार आहे. मी आत पडले, अक्षरशः पडले, किमूवर पडू नये म्हणून कोपरावर. अमोघ धावला. पेटीला जे हवं होतं ते त्याने त्या धावण्यात दिलं. खोलीचं दार धाडकन लागलं आणि कुलपाच्या तिन्ही कांबी बसल्या. त्याची चार बोटं चौकटीत चेंगरून निघाली. तो ओरडला, मग दुसऱ्या हाताने दार ठोकू लागला, मग स्टीलच्या स्टुलाने. दाराचा पातळ थर आतल्या बाजूने सोलून निघत होता. बाहेर सगळ्या मजल्यावर घंटा वाजत होत्या.

"मी मालक आहे," तो ओरडत होता. "अमोघ. अमोघ."

"आपली ओळख पटलेली नाही," पेटी म्हणाली. "दक्षता केंद्राला कळवलं आहे. घर सुरू झाल्यावर अनोळखी व्यक्तीला आणखी एकच संधी मिळते, ओळख पटवायची असल्यास सात पावलं चाला."

ठोकणं थांबलं. स्टूल खाली ठेवल्याचा आवाज आला. तो बाहेरच्या दाराशी गेला, हे मी फरशीला कान लावून ऐकलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, शलू, घाबरू नकोस, आलो. हा आवाज मी अडीच वर्षांत ऐकला नव्हता.

एक. अनवाणी, हलकं. दोन. नारळ हातात असावा तसं. तीन. अर्धं पाऊल मागे राहून, कुणाचा तरी हात धरल्यासारखं. त्याला सगळं आठवत होतं. ते पाऊल त्याच्यात अजून शिल्लक होतं, हवं तेव्हा काढता येत होतं, हे मला तेव्हा कळलं आणि त्या दिवसातल्या कुठल्याही माराने लागलं नव्हतं तसं लागलं. चार. आणि हेही लिहायला हवं, की क्षणभर मला वाटलं, जुळावं. तो तोच असावा.

पाच. पाचव्याशी तो अगदी माझ्या दाराजवळ आला होता, आणि दातांवर दात ठेवून तो पुटपुटला, "थांब तू, येतोच."

सहावं पाऊल टाचेवर पडलं. सातवं पडलंच नाही, तिथे लाथ पडली.

"जुळत नाही," पेटी म्हणाली, आणि मजल्यावरच्या लोकांसाठी बाहेरचं दार उघडलं.

पहिल्या आल्या त्या खैरनार काकू, हातात ती कपडे वाळवायची काठी. अमोघने स्टूल फिरवलं, ते मागून आलेल्या रखवालदाराच्या खांद्याच्या हाडावर बसलं आणि हाड मोडलं. मग लोकांनी त्याला लिफ्टसमोर खाली पाडलं. ते मी पाहिलं नाही, ऐकलं. लोकांनीही हात राखले नाहीत. पोलीस आले तेव्हा योगायोगाने बाई त्याच होत्या. त्यांनी सवयीने पेटीला विचारलं. पेटीने पहिल्या दिवसाची माझी चाल आणि आजची चाल शेजारी शेजारी मांडली आणि खाली नव्या नोंदींच्या एकोणीस तारखा लिहिल्या. बाई ते सगळं उतरवून घेत गेल्या. मार्गशीर्षातली तारीख आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हे झालं त्याला पाच आठवडे झाले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, अजून एक बाकी आहे. डॉक्टर म्हणाले, थोडा लंगडेपणा राहील. पेटी अजून पहिल्या प्रतीवर चालते. वीज जाऊन आली की किमूला पोटाशी धरून सात पावलं चालावं लागतं. देखभाल केंद्राचे देवरे दोनदा येऊन गेले. ते म्हणतात, घाई नाही ताई, पाय बरा होऊ द्या, पूर्वीसारखं चालता यायला लागलं की नवी नोंद करू, चांगली नोंद होईल. मलाही ते पटलं होतं.

काल मालेगावहून सासूबाईंचा फोन आला. अमोघ जामिनावर सुटून त्यांच्याकडे आहे. त्या रडत नव्हत्या, उलट आवाजात समाधान होतं. तो आता अगदी शांत झालाय गं, म्हणाल्या. उलटून बोलत नाही. रोज सकाळी उठून अंगणात चालतो. सातच पावलं, परत फिरतो, परत सात. अनवाणी. हातात नारळ घेऊन.

मी फोन ठेवला आणि देवऱ्यांना बोलावलं. त्यांना सांगितलं की चकती काढून टाका, नवी नोंद आजच करायची आहे. ते माझ्या पायाकडे बघून चाचरले. अशी नोंद झाली तर पेटी हीच तुमची चाल धरेल, म्हणाले, ती जुनी चाल मग कुठेच राहणार नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे.

त्यांनी चकती काढून माझ्या हातात दिली. नखाएवढी होती. मी ती खलबत्त्यात घालून कुटली.

मग मी दाराशी गेले आणि सात पावलं चालले, जशी चालते तशी, उजवा पाय ओढत. पेटीने हरकत घेतली नाही. माझ्यामागे किमू उभी होती, दोन्ही हात वर करून, सवयीने. मी पेटीपाशी थांबले आणि तिला म्हटलं, ये, तुझी तू ये. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग हात खाली केले आणि मोजत मोजत आली, पाचनंतर थेट सात.

पेटी पावलं स्वतःच मोजते. चौथा दिवा हिरवा झाला. पट्टीवर आलं, माणसं दोन.